चंद्राच्या कला आणि ग्रहणे तुम्हांला केव्हा उमगली?

म्हापसा (धागाकर्ती)
७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण लागले, तेव्हा नातीने विचारले, "आजी, ग्रहण पौर्णिमेला लागते, तर दर पौर्णिमेला का लागत नाही?" त्या प्रश्नासरशी मला १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार आठवली. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा त्या दिवशी आपल्या गोव्याच्या दक्षिणेला अंकोल्याजवळून भारतात शिरला होता आणि आमच्या गावी सूर्याची अगदी बारीक कोर उरली होती. वाड्यावरची दारे बंद होती, परंतु वडिलांनी मला अंगणातल्या आंब्याखाली उभे केले. पानांच्या फटींतून एरवी गोल कवडसे पडतात. त्या दिवशी शेणाने सारवलेल्या जमिनीवर जिकडे तिकडे कोरीच पडल्या होत्या. वडील म्हणाले, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक अमावास्यांना तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. नातीला मी हेच सांगितले, फक्त सूर्याच्या जागी पृथ्वीची सावली घातली. आपापले अनुभव अवश्य लिहा.

फोंडा, निवृत्त शिक्षक
ताई, कवडशांचे वर्णन वाचून फार आनंद झाला. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत मुलांमध्येच नव्हे, पालकांमध्येही घट्ट रुजलेली असते आणि फळ्यावरच्या आकृतीने ती हलत नाही. म्हणून मी शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास मुलांना मैदानावर नेत असे. त्या वेळी सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो आणि अर्धा चंद्र पूर्वेच्या आकाशात चांगला वर आलेला असतो. प्रत्येकाने हातातला चेंडू चंद्राच्या शेजारी दिसेल अशा बेताने उन्हात धरायचा. चेंडूचा जेवढा भाग उजळतो, तेवढाच आणि त्याच बाजूचा चंद्रही उजळलेला दिसतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते आणि चंद्र तर त्या वेळी सूर्यापासून काटकोनात असतो, म्हणजे सावलीचा तेथे संबंधच येत नाही. एक मुलगी चेंडूकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "सर, म्हणजे चंद्र नेहमी अर्धा उजेडातच असतो, आपण त्याला बाजूने बघतो." माझ्या शिकवण्यापेक्षा तिचे वाक्य सरस होते आणि पुढच्या प्रत्येक वर्गाला मी तेच ऐकवले.

दिवाडी
आमच्या घरी हे ज्ञान मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी मिळाले. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या बांधातल्या मानशीच्या फळ्या भरतीच्या पाण्याच्या दाबाने बंद होतात आणि ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून नदीत जाते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत मंद भरती-ओहोटी असते. भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, कारण चंद्रही तितकाच उशिरा उगवतो. आजोबा तिथी सांगून पाण्याची वेळ सांगत असत. ग्रहण नेहमी उधाणाच्या दिवसांतच का येते, हे मास्तरांचे उत्तर वाचताना पुन्हा पटले.

केपे
@म्हापसा, काकू, तुमच्या अंगणातला एक कवडसा माझ्याही वाट्याला आला आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा कासरगोड-मंगळुरूच्या बाजूने गेला आणि गोव्यात मोठे खंडग्रास ग्रहण दिसले. मी तेव्हा गरोदर होते. सासूबाईंनी मला खोलीत बसवले, सुरी-कात्री दूर ठेवली आणि पाण्यात तुळशीचे पान घातले. कौलांच्या फटीतून आलेली तिरीप भिंतीवर पडली होती आणि तिचा गोल हळूहळू एका बाजूने खाल्ला जात होता. मी सासूबाईंना तो दाखवला. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि ग्रहण सुटेपर्यंत आम्ही दोघींनी भिंतीवरच ते पाहिले. चंद्र पृथ्वीपासून दूर असेल तर तो लहान दिसतो, सूर्याला पुरता झाकू शकत नाही आणि कडेने कंकण उरते, हे मी त्यांना तेव्हाच समजावले. बाळ सुखरूप आहे, म्हणून काळजीने विचारणाऱ्यांनी निर्धास्त असावे.

डिचोली
केपेकर ताई, सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा. आमच्याकडे पंचांग पाहण्याची परंपरा आहे. राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदते ते दोन बिंदू आहेत. अमावास्या किंवा पौर्णिमा त्यांच्याजवळ घडली, तरच ग्रहण लागते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ग्रहणांचे कारण छाया असे स्पष्ट लिहिले. आपल्याच कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचून ग्रहणाचे गणित पंचांगकर्त्यांच्या हाती सोपे करून दिले. वडील ते गणित पाटीवर करीत असत आणि स्पर्शाची, म्हणजे ग्रहण लागण्याची वेळ जुळली की आजीला हाक मारून सांगत असत.

वास्को
जहाजावरच्या नोकरीमुळे मला कोर निरनिराळ्या प्रकारे कललेली दिसली. आपल्याकडे संध्याकाळची कोर बहुधा होडीसारखी आडवी असते, उत्तर युरोपात ती पुष्कळशी उभी दिसते आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेले की शुक्ल पक्षातला चंद्र डावीकडून उजळतो. चंद्र तोच असतो, उभा राहणारा माणूस गोलावर दुसऱ्या ठिकाणी असतो.

पणजी
मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर सार्वजनिक वेधशाळेत अष्टमीच्या आसपास न्यावे. पौर्णिमेला ऊन समोरून पडते आणि विवरे सपाट दिसतात. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर त्यांच्या लांब सावल्या पडतात.

म्हापसा (धागाकर्ती)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यास्तापूर्वी गोव्यातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, आणि पावसाळा असल्याने ढगांनी वाट दिली तर पाहता येईल. सूर्याकडे थेट पाहायचे असेल तर ग्रहणाचा प्रमाणित चष्मा हवाच, काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणांची फिल्म चालणार नाही. केपेकर ताई, तेव्हा बाळालाही भिंतीवरचा कवडसा दाखवा.