लोणारची कमळजादेवी : वयस्कर व्यक्तीला दर्शनासाठी खाली नेता येईल का?

नमस्कार.

शारदीय नवरात्रात सासूबाईंना लोणारच्या कमळजादेवीच्या दर्शनाला नेण्याचा विचार आहे. त्यांचे वय ७६ असून दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. सपाट रस्त्यावर त्या काठीच्या आधाराने बऱ्यापैकी चालतात, परंतु चढ-उतार त्यांना जड जातात. लग्न झाल्यावर जिची ओटी भरली, त्या देवीपुढे आणखी एकदा उभे राहावे, अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे आणि ती पूर्ण व्हावी असे मलाही फार वाटते.

देऊळ सरोवराच्या अगदी काठाशी, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या तळाशी आहे आणि तिथपर्यंत वाहन जात नाही. गोमुखाच्या धारेकडून उतरणारी वाट मला ठाऊक आहे, पण ती दगडांची असून पावसाळ्यानंतर निसरडी होते. याहून सोपी, निदान बसत-उठत जाता येईल अशी दुसरी वाट आहे का? उतरणे एक वेळ जमेल. खरी कसोटी उन्हात परत वर येताना लागेल, म्हणून स्थानिक माणसांकडून डोलीची किंवा खुर्चीची सोय होते का, हेही कळावे.

दुसरी शंका पाण्याविषयी आहे. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढून काठावरच्या देवळांपर्यंत पाणी आल्याचे वाचले. सध्या गाभाऱ्यापर्यंत कोरड्या पायांनी जाता येते का?

हा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून सरोवर रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही आहे, त्यामुळे वनविभागाच्या प्रवेशाच्या वेळा नवरात्रात बदलतात का आणि ओटीचे कोणते साहित्य नेऊ देतात, हे आधीच समजलेले बरे. खारट आणि अल्कधर्मी पाण्याच्या त्या दुर्मीळ सरोवरात आमच्यामुळे नारळाची शेंडी किंवा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा पडू नये, असे मला वाटते. खण-नारळ पुजाऱ्यांच्या हाती देऊन प्रसाद तेवढा परत आणला, तर चालते का?

आम्ही जालना, सिंदखेडराजा, सुलतानपूर या मार्गाने येऊ. खाली जाणे अशक्यच ठरले, तर गावातील दैत्यसूदनाचे दर्शन घेऊन विवराच्या काठावरूनच देवीला हात जोडावे लागतील. त्यासाठी देऊळ झाडीतून स्पष्ट दिसेल अशी, गाडी जवळपर्यंत जाणारी जागा कोणती?

पाण्याची पातळी पावसागणिक बदलत असल्याने, यंदा प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया महिना नमूद करून लिहावे.