मदत हवी आहे: मुलीचा गोल्फ स्विंग बदलू द्यावा की येणारा स्कोअर सांभाळावा?

नमस्कार मंडळी,

इथे गोल्फ खेळणारे मोजकेच असतील, पण पोरांना कुठला ना कुठला खेळ शिकवणारे बरेच आहेत, म्हणून विचारतोय. स्विंग म्हणजे क्लब (बॉल मारायची काठी) फिरवून फटका मारायची पद्धत, आणि स्कोअर म्हणजे फेरीतले एकूण फटके, जितके कमी तितके चांगले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात राहतो. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. सातव्या वर्षापासून गोल्फ खेळतेय. सुरुवात झाली माझ्या मोठ्या भावाच्या जुन्या क्लबांवर. दांडे कापून आखूड केले होते, पण डोकं मोठ्या माणसाच्या क्लबचंच, जड. तिच्या मनगटांना ते पेलवायचं नाही. मग तिनेच आपल्या परीने तोड काढली. डावा हात दांड्यावर पार उजवीकडे वळवून धरायचा, क्लब वर नेताना बाहेरून न्यायचा आणि खाली येताना एक गिरकी देऊन आत आणायचा. तिला सुरुवातीला शिकवणारे कॅडीकाका (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा) म्हणायचे, "बाळा, बॉल सोडून कुठं बघू नको, बाकी आपोआप येतंय." आणि खरंच यायचं. बॉल खालून जायचा, उजवीकडून डावीकडे वळायचा आणि पडला की पळत सुटायचा.

मी तिच्या प्रत्येक फेरीची वही ठेवतो. किती फेअरवे (आखूड गवताची मधली वाट) मिळाले, किती ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) वेळेत गाठले, किती पट (ग्रीनवर बॉल होलात ढकलायचे हलके फटके) लागले, सगळं त्यात आहे. यंदा फेब्रुवारी ते मे तिची सरासरी ८२ होती, फेरीला साधारण ३१ पट. दोन ज्युनियर स्पर्धांत तिच्या वयोगटात ती पहिल्या तिघींत आली. घरात आनंदीआनंद होता.

जूनपासून नवीन प्रशिक्षक लावले. माणूस चांगला आहे, जीव तोडून शिकवतो, तक्रार अजिबात नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या स्विंगचा व्हिडिओ काढला, थांबवून थांबवून आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "ही गिरकी काढावी लागेल, ग्रिपही बदलावी लागेल. आज स्कोअर येतोय, पण अंगात ताकद आल्यावर हाच बॉल हुक होऊन, म्हणजे डावीकडे जास्तच वळून, झाडीत जाईल. आत्ता बदललं नाही तर सोळाव्या वर्षी फार जड जाईल."

आम्ही हो म्हटलं. जुलै-ऑगस्टची सरासरी आहे ९१, पट ३४. शेवटच्या फेरीनंतर गाडीत ती एक शब्द बोलली नाही. घर येईपर्यंत डाव्या हातातला मोजाही काढला नाही, तसाच हात मांडीवर ठेवून बसली होती. सोसायटीच्या गेटपाशी आल्यावर म्हणाली, "बाबा, माझं चाललं होतं ना नीट?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलोय आणि जितकं वाचतो तितका दोन्हीकडे ओढला जातो. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. क्लब वर जातो एका वाटेने, खाली येतो भलत्याच वाटेने, मध्ये मोठा वळसा. त्याला वडिलांनी शिकवलं आणि तो वळसा कुणी सरळ केला नाही. त्याच स्विंगवर त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) एका फेरीत ५८ मारले. तिथे ५८ त्याआधी कुणीही मारले नव्हते. आपल्याकडे जीव मिल्खा सिंगचा स्विंगही पुस्तकातला नव्हता, तरी युरोपियन टूरवर गेलेला पहिला भारतीय तोच आणि २००६ मध्ये व्हॉल्वो मास्टर्स त्यानेच जिंकली. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते. पोरगा बघून बघून शिकला, आणि पुढे २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. या तिघांपैकी कुणाला तेराव्या वर्षी "हे सगळं मोडून नव्याने शिक" असं सांगितलं असतं तर?

आता उलट बाजू. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकली तेव्हा तो २१ वर्षांचा होता. एवढं जिंकूनही त्याने प्रशिक्षक बुच हार्मनबरोबर स्विंग बदलायला घेतला. १९९८ मध्ये त्याच्या हाती पीजीए टूरची एकच स्पर्धा लागली. मग १९९९ मध्ये आठ, २००० मध्ये नऊ आणि त्यात पेबल बीचची यूएस ओपन १५ फटक्यांनी! निक फाल्डोनेही तेच केलं. तो युरोपात पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता, तरी प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे जाऊन स्विंग नव्याने बांधला, मधला काळ कोरडा गेला, आणि १९८७ मध्ये ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले तेवढेच फटके) करून जिंकला. पण पॅड्रिग हॅरिंग्टनही आहेच. २००७ आणि २००८ मिळून तीन मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात) जिंकल्यावर त्याने स्विंगची डागडुजी चालूच ठेवली आणि त्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकही त्याला पुन्हा मिळाली नाही. म्हणजे बदलून शिखरावर गेलेले आहेत आणि बदलता बदलता खाली आलेलेही आहेत.

एक गोष्ट मात्र मी स्वतः करून बघितली. मे महिन्यात हौसेने तिच्या सात नंबर आयर्नच्या (लोखंडी डोक्याचा क्लब) तोंडावर टाल्कम पावडरचा हात फिरवून तिला २० बॉल मारायला लावले होते. बॉल जिथे लागतो तिथली पावडर उडते आणि गोल ठसा उमटतो. प्रत्येक फटक्यानंतर फोटो काढून पुसायचं, परत पावडर लावायची. तेव्हाचे ठसे टाचेपासून टोकापर्यंत विखुरलेले होते. गेल्या रविवारी तोच प्रयोग पुन्हा केला. २० पैकी १३ ठसे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळजवळ आले. ते बघून मला भरून आलं. पोरगी बॉल पहिल्यापेक्षा कितीतरी नीट मारतेय आणि स्कोअर मात्र नऊने चढलाय!

तर प्रश्न असा. यातला 'निकाल' नेमका कोणता धरायचा, वहीतला ९१ की पावडरवरचे ठसे? दिवाळीच्या सुट्टीत एक ज्युनियर स्पर्धा आहे. तोवर जुन्या स्विंगवर परत येऊ द्यावं का? आणि तुमच्यापैकी कुणी मुलांना अशा बदलातून नेलं असेल, तर मधले महिने कसे काढले? मी स्वतः २२ हँडिकॅपचा (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात त्याचा आकडा) खेळाडू, माझ्या अनुभवाचा इथे उपयोग नाही.

प्रतिसाद १

दादा, मी प्रशिक्षक नाही, पण फौजेत असताना बरीच वर्षं खेळलोय आणि माझी भाची आता खेळते.

आधी एक सांगा, तुम्ही कुठले महिने कुठल्या महिन्यांशी ताडून पाहताय? फेब्रुवारी ते मे पुण्यात जमीन दगडासारखी असते. तुमच्या लेकीचा तो खालून जाणारा, पळणारा बॉल तिथे फुकटचे वीस-तीस यार्ड खातो. जुलैत तोच बॉल पडतो तिथेच चिखलात रुततो. पुढचा फटका लांबून, ग्रीन वेळेत गाठणं अवघड, की बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त). म्हणजे स्विंग बदलला नसता तरी पावसाळ्यात स्कोअर चढलाच असता. वही आहे ना तुमच्याकडे? गेल्या वर्षीचे जुलै-ऑगस्ट काढा आणि त्यांच्याशी ताडून बघा.

दुसरं म्हणजे पट. ३१ चे ३४ कसे झाले? पटिंगचा आणि स्विंगच्या गिरकीचा काडीचा संबंध नाही. माझा अंदाज, सगळा वेळ रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाची जागा) जातोय आणि पटिंग ग्रीनवर ती जातच नाही.

तंत्र म्हणजे दिसणं नव्हे, एवढं मात्र मी ठामपणे सांगेन. क्लब आणि बॉलची भेट सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती असते. तेवढ्यात क्लबचं तोंड कुठे बघतंय यावर बॉल मुख्यतः कुठे निघणार ते ठरतं, आणि तोंड व क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर तो किती वळणार ते. फ्युरिकचा वळसा सगळ्यांना दिसतो, पण बॉलपाशी येताना त्याचा क्लब दर वेळी त्याच जागी, तसाच येतो. तेच त्याचं तंत्र. म्हणून प्रशिक्षकांना विचारा, "या बदलाने बॉलच्या उडण्यात नक्की काय सुधारणार, आणि ते आम्हाला कधी दिसेल?" त्यांच्याकडे याचं उत्तर असेल तर विश्वास ठेवा. "व्हिडिओत छान दिसेल" एवढंच असेल तर जरा थांबा.

प्रतिसाद २

भाऊ, माझा मुलगा टेबल टेनिस खेळायचा. 'खेळायचा' असंच म्हणावं लागतंय. असाच बदल चालू असताना आम्ही रोज घरी आल्या आल्या विचारायचो, "आज काय झालं, जिंकलास का?" तो बदल अजून अंगवळणीही पडला नव्हता. चार महिन्यांत त्याने बॅट कपाटात ठेवली ती ठेवलीच. तंत्र बरोबर होतं का चूक, मला आजही कळत नाही. पण तो प्रश्न आम्ही रोज विचारायला नको होता. तुमच्या लेकीने गाडीत जे विचारलं, त्याचं उत्तर तिला लवकर द्या. मुलं वाट बघत असतात.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री तिच्याशी बोललो. ते पुढे लिहितो.

दादा, वही काढली. गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टची सरासरी ८७ आणि पट ३१! मी एवढ्या नेमाने लिहितो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे नऊ नाही, चारच फटके वाढले, आणि त्यातले तीन पटचे. अर्थात वर्षभरात ती चांगली चार बोटं उंच झालीय, तेव्हा काही सुधारणा आपसूकही धरायला हवी. पण मला वाटत होतं तसं काही कोसळलेलं नाही. पटिंगचंही तुमचं बरोबर निघालं. जूनपासून ती आठवड्यातून जेमतेम एकदा पटिंग ग्रीनवर गेलीय.

प्रशिक्षकांना तुमचा प्रश्न विचारला. ते लगेच म्हणाले, "बॉल उंच जाऊन ग्रीनवर थांबायला हवा. आत्ता सात नंबरचा बॉल ग्रीनवर पडून पलीकडे पळून जातो. डिसेंबरपर्यंत तो थांबताना दिसला नाही तर आपण पुन्हा बसून बोलू." मला हे उत्तर पटलं.

प्रतिसाद १

हे उत्तम. असं सरळ उत्तर देणारा माणूस सोडू नका. दिवाळीसाठी जुन्या स्विंगवर परत जाऊ नका, दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही जातात. हँडिकॅपची काळजी वाटत असेल तर तीही नको. २०२० पासूनच्या पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी चांगल्या ८ च धरतात. शिवाय तो वर्षातल्या नीचांकापेक्षा ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते आणि ५ च्या वर तर जातच नाही.

सरावाचा निम्मा वेळ पटिंग आणि चिपिंगला (ग्रीनजवळचे छोटे फटके) द्या. तिला अदिती अशोकचा टोकियो ऑलिंपिकमधला खेळ दाखवा. आघाडीच्या मुलींपेक्षा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) बरीच आखूड, बॅग उचलायला आई, आणि पटिंगच्या जोरावर पोरगी चौथी आली. पदकासाठीच्या प्लेऑफला एकच फटका कमी पडला. स्विंग दुरुस्तीला टाकलेला असताना स्कोअर तिथेच वाचवायचा असतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. आता रात्रीचं सांगतो.

वहीची दोन्ही पानं तिच्यापुढे ठेवली, गेल्या वर्षीचा जुलै आणि यंदाचा. पावडरच्या ठशांचे फोटोही दाखवले, मे महिन्यातले आणि रविवारचे. ती बराच वेळ फोटो मोठे करून बघत होती. मग म्हणाली, "हे मला आधी का नाही दाखवलंस?" खरं आहे तिचं. फोटो मी माझ्याजवळच ठेवले होते, आणि तिला दाखवत होतो फक्त स्कोअर.

दिवाळीच्या स्पर्धेला ती नव्या स्विंगनेच उतरणार, हे तिनेच ठरवलं. वहीत एक नवा रकाना पाडलाय, ग्रीनवर पडून थांबलेले बॉल. तो ती स्वतः भरणार. मी गाडीत काही विचारणार नाही. उद्या सहा वाजता पटिंग ग्रीन उघडतो, तिथूनच सुरुवात करतोय. पावडरचा डबा तिने आत्ताच बॅगेत टाकलाय.

डिसेंबरात इथेच येऊन त्या रकान्यात काय भरलं ते लिहितो.