पुढच्या प्रवेशासाठी शाळा-कॉलेज बदलावं का? पुण्यातल्या जाणकारांचे अनुभव

दहावीचा निकाल जवळ आला की पुण्यात घरोघरी हेच विषय: मुलाला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचं का, मिळालेलं कॉलेज बारावीला बदलता येईल का, धाकटीचं बोर्ड आत्ताच बदलावं का. ज्यांचं रोजचं कामच हे आहे त्यांनी लिहावं ही विनंती. घरच्या कहाण्या नकोत. नियम, कागद आणि नेमकं कुठे अडतं, तेवढं हवं.

प्रवेश समुपदेशक, सदाशिव पेठ

कॉलेज निवडण्याआधी पुढच्या अभ्यासक्रमाची गुणवत्ता यादी कशावर लागते ते बघा. राज्यातल्या अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल (किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत ते) चालतात; बारावीला ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के असले की पात्रता झाली. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांना, जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेतला क्रमांक, सोबत बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमधलं स्थान. एमबीबीएसला नीट ही देशपातळीवरची वैद्यकीय प्रवेश परीक्षा. बारावी फर्ग्युसनमधून केली की वाघोलीच्या एखाद्या नव्या कॉलेजातून, याला यातल्या एकाही यादीत अर्धा गुणही नाही.

बारावी कोणत्या राज्यात केली, याला मात्र फार किंमत आहे, आणि पालक नेमके तिथेच फसतात. राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय अधिवास (डोमिसाइल) प्रमाणपत्र. मुलाची बारावी राजस्थानातल्या शाळेतून झाली, तर घर पिढ्यान्‌पिढ्या कसब्यात असलं तरी तो या कोट्यातून बाहेर. पुण्याच्या सरकारी बी. जे. मेडिकलसाठी मग त्याला उरतो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण त्या आपल्याला लागू होतील असं गृहीत धरू नका. माहितीपुस्तिकेतलं ते कलम शब्दन्‌शब्द वाचा.

अभियांत्रिकीला एवढी सक्ती नाही. विद्यार्थ्याचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास महाराष्ट्राचा असला तरी पात्रता मिळते. एनआयटीचं वेगळं. तिथे निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या, आणि तुमचं राज्य ठरतं बारावीच्या शाळेवरून. नागपूरच्या व्हीएनआयटीतला महाराष्ट्राचा वाटा हवा असेल तर बारावी इथेच करा. आयआयटीत राज्याचा कोटा नाही, त्यामुळे फक्त आयआयटीच डोळ्यांपुढे असेल तर हा मुद्दा गळतो. पण सोळाव्या वर्षी एकाच दारावर सगळं लावावं असं मी कुणालाही सुचवणार नाही.

कनिष्ठ महाविद्यालयातली शिक्षिका, विज्ञान शाखा

"आत्ता मिळेल ते घेऊ, बारावीला बदलू" हे गणित बहुतेकदा चुकतं. अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या भागातला पसंतीक्रम हाच खरा निर्णय. ज्या कॉलेजात दोन वर्षं काढायची मनापासून तयारी नाही, ते पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

बारावीत बदल मागायचा तर नव्या कॉलेजात त्याच शाखेची, त्याच विषयांची जागा रिकामी हवी, दोन्हीकडच्या प्राचार्यांची संमती हवी, आणि शिक्षण विभागाची परवानगी. तिथे कारण विचारतात. पालकांची बदली झाली असेल तर बदलीचा आदेश, घर बदललं असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, आजारपण असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचं. "ते कॉलेज जास्त चांगलं आहे" हे कारण टिकत नाही. अकरावीचा निकाल हातात येताच अर्ज करा. बोर्डाचे परीक्षा अर्ज भरायची वेळ आली की कुणी हात लावत नाही.

विषयांचा घोळ सगळ्यात वाईट. अकरावीला द्विलक्षी (बायफोकल) संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल, तर तो २०० गुणांचा विषय दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाच्या जागी असतो. नव्या कॉलेजात द्विलक्षी नसेल, तर बारावीला दोन नवे विषय अंगावर येतात. जागा आहे का, हे विचारण्याआधी विषय जुळतात का ते विचारा.

सीईटी-नीट शिकवणारे, डेक्कन

वरच्या मॅडमच्या लिहिण्यात भर. कॉलेज बदलण्यामागे खरा हेतू पुष्कळदा "हजेरी न मागणारं कॉलेज" हाच असतो. ७५ टक्के हजेरीचा नियम राज्य मंडळाला आहे, सीबीएसईलाही आहे, आणि नुसतं नाव घालून ठेवलेल्या मुलांना परीक्षेला बसू देणार नाही, असं सीबीएसईने बजावलेलं आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. प्रयोगशाळा न पाहिलेल्या मुलाचे गुण तिथे जातात, आणि जेईईची ७५ टक्क्यांची अट बघता बघता अंगाशी येते.

सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के. अकरावीतले महिने धावपळीत गेले तरी सीईटी सावरता येते. जेईई आणि नीटला अकरावी-बारावी सारखीच येते, तिथे ते नुकसान भरून निघत नाही.

पिंपरीची पालक, प्रवेश मदत केंद्रातली स्वयंसेविका

अंतर मोजा. निगडीहून शिवाजीनगरला लोकल किंवा मेट्रो धरली तरी घर ते वर्ग आणि परत यात दिवसाचे दोन-अडीच तास जातात. तेवढ्या वेळात रसायनशास्त्राचा एक धडा होतो.

माध्यमिक शाळेतले गणित शिक्षक

बोर्ड बदलायचं तर आठवीनंतर किंवा दहावीनंतर. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात आणि नोंदणी नववीतच होते, त्यामुळे थेट दहावीत प्रवेश बदलीसारखं कारण असल्याशिवाय मिळत नाही. बाहेरच्या बोर्डातून येणाऱ्याने स्थलांतर प्रमाणपत्र आधीच मागून ठेवावं.

मराठी माध्यमातल्या मुलाला नुसत्या भीतीपोटी नववीत इंग्रजी शाळेत घालू नका. आठवीपासून सेमी-इंग्रजी घेतलं की गणित-विज्ञानाच्या संज्ञा तोंडात बसतात. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मराठीतून आहे; गणिताची प्रश्नपत्रिका तेवढी इंग्रजीत, तिचा सराव वेगळा करून घ्यावा.

परदेशी प्रवेशांचे सल्लागार, औंध

अमेरिकेची विद्यापीठं नववीपासूनचे गुण मागतात. शाळा बदलली की दोन्ही शाळांचे गुणपत्रक आणि शिक्कामोर्तब लागतं. शिफारसपत्रं शिकवणाऱ्या शिक्षकांची, म्हणून बारावीत बदल केला तर मुलाला जेमतेम ओळखणारे शिक्षक त्याच्याबद्दल लिहितात. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या दोन वर्षांच्या मध्ये बदल तर टाळाच. उच्च स्तराचे विषय नव्या शाळेत नसले तर आधीचं काम वाया जातं.

पुन्हा कनिष्ठ महाविद्यालयातली शिक्षिका

एक राहिलं. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेताना जन्मस्थळ, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, जात-पोटजात आणि आईचं नाव तिथल्या तिथे वाचा. मूल शाळेत असताना चूक शाळाच सुधारू शकते. एकदा दाखला निघाला की त्याच दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि जात पडताळणीची प्रकरणं नेमकी बारावीच्या वर्षात अशाच एखाद्या अक्षरावर अडून बसतात.