निसरडं कधी जास्त असतं?
वर कुणीतरी लिहिलंय की उणे १५ अंशांत धावणं उणे १ पेक्षा जास्त धोक्याचं. गारठ्याच्या दृष्टीने खरंय, पण घसरण्याचं उलट आहे! बर्फ सर्वात निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, कारण तेव्हा त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला रस्ता नुसता ओला दिसतो, आणि तोच पाडतो. पुलांना खालूनही थंड हवा लागते, त्यामुळे ते आधी गोठतात. तिथे धावू नका, चालाच. बुटांना खिळ्यांचे पट्टे जरूर लावा, पण ढांगा लहान ठेवा, पाऊल शरीराच्या बरोबर खाली पडू द्या. गुळगुळीत फरशीवर मात्र तेच खिळे सटकतात, जपा.