ऑनलाइन तासांनी मानेचं काय केलं? शिक्षकांनो, लिहा

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि फळ्यासमोर उभी राहणारी आपली जमात खुर्चीत अडकली. शाळा पुन्हा भरून वर्षं झाली, तरी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी खांदा चोळत असतंच. ठाणे-नवी मुंबईकर, तुमचं काय झालं आणि कशाने उतार पडला? 'रोज योगा करा' एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते आपण मुलांनाही सांगतो.

वर्तकनगर, गणित : माझी मान घालवली ती वह्यांनी. मुलं गृहपाठाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची. आडवे, अंधुक, अर्ध्या पानावर हाताची सावली. मोबाइल मांडीत घ्यायचा, दोन बोटांनी फोटो मोठा करायचा आणि एकेक पायरी तपासायची, रात्री जेवणं आटोपल्यावरही. पुढे फिजिओथेरपिस्टने हिशेब मांडला. डोकं साधारण ५ किलोचं, पण मान ६० अंशांत वाकली की मणक्यावर २७ किलोंच्या आसपास भार येतो. म्हणजे तांदळाची गोण मानेवर घेऊन मी वर्गमूळं तपासत होते!

ऐरोली, प्राथमिक : आमचं वन रूम किचन. बाहेर नवऱ्याचं ऑफिस आणि लेकीची शाळा, म्हणून माझा वर्ग ओट्यावर. पिठाचा डबा उपडा घालून त्यावर मोबाइल. उभ्याने शिकवलं म्हणून पाठ वाचली, पाय मात्र भरून यायचे. कुकर वाजला की तिसरीतली पोरं शिट्ट्या मोजायची.

खारघर, ज्युनियर कॉलेज : लॅपटॉपची मूळ अडचण अशी की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला की खांदे चढतात, कीबोर्ड कोपराच्या पातळीत ठेवला की मान खाली जाते. मी जुना सुटा कीबोर्ड आणि माउस जोडला, लॅपटॉपखाली जाडजूड गाइडं रचली आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली. फुकटच्या झूमची ४० मिनिटांची मर्यादा तर देवासारखी होती, निदान उठणं व्हायचं. संस्थेने पैसे भरले आणि तीही गेली.

कळवा, मराठी : सगळं खापर ऑनलाइनवर नको. हात उंच करून फळ्यावर लिहिताना उजवा खांदा आधीपासून कुरकुरत होता. पण वर्गात बाकांमधून फिरायचो. घरी जरा हललो की 'सर, दिसत नाही तुम्ही!' मग चेहरा चौकटीत राहावा म्हणून मान पुढे काढून तासभर पुतळ्यासारखं बसायचं.

नेरूळ, इंग्रजी : माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या. घरचे म्हणाले, बाम लाव. बामवर वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. मुंग्या येणं, हातातून वस्तू निसटणं ही साधी अंगदुखी नव्हे. मला पट्टा थोडेच दिवस लावायला सांगितला, कारण कायम लावला तर मानेचे स्नायू दुबळे होतात. व्यायाम सोपा : पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर आणि हनुवटी सरळ मागे ओढायची. दुहेरी हनुवटी दिसली म्हणजे जमलं. आरशात बघू नका.

वर्तकनगर, गणित : @नेरूळ, स्टाफरूममध्ये करून पाहिलं. शिपाईकाका विचारतात, 'मॅडम, कुणावर रागावलात?' बाकी, पोर्टलवर माहिती भरायला उभ्याने काम करता येईल असं टेबल कुणाच्या शाळेत आहे का? असेल तर फोटो टाका, मुख्याध्यापकांना दाखवते.