फुकटातून विकतकडे: तुमचं कसं बदललं? (अनुभव धागा)

टोरंटवरून (लोक आपसांत फायली वाटतात ती सोय) सिनेमे-गाणी फुकटात उतरवण्यात हयात गेलेले लोक आता दर महिन्याला पैसे भरतात. का बदललात, की बदललाच नाहीत? थेटरात चोरून रेकॉर्डिंग केलं तर सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान ३ महिने कैद आणि ३ लाख दंड आहे, हे ठाऊक आहे, कायदा नका शिकवू. स्वतःचं सांगा.

हॉस्टेल क्र. ४
लॅनवर (हॉस्टेलचे एकमेकांना जोडलेले कॉम्प्युटर) एकाने उतरवलं की अख्ख्या मजल्याचं व्हायचं. पैसे द्यायचे म्हटले तरी कुणाला आणि कसे, क्रेडिट कार्ड वडिलांकडे पण नव्हतं. २०१६ ला जिओ आलं तेव्हा तर उलट जास्तच उतरवायला लागलो. सुटलं ते गाण्यांपासून, कारण प्रत्येक गाण्याच्या नावात, ज्या साइटवरून उतरवलं तिचं नाव घुसलेलं, ते निस्तरत बसण्यापेक्षा महिन्याला शंभरेक रुपये परवडले. नीतिमत्ता वगैरे काही नाही, निव्वळ आळस.

गावठी गेमर
+१. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) २०१५ च्या शेवटी रुपयांत किमती दिसायला लागल्या तिथे माझे क्रॅक (कुलूप तोडलेल्या फुकट गेम) संपले. सेलमधे घेतलेल्या निम्म्या गेम उघडल्या पण नाहीत, आधीची उधारी फिटली समजतो.

डीटीपीवाले काका
आमच्या दुकानात पेजमेकर, कोरल ही पत्रिका-जाहिराती मांडायची सॉफ्टवेअरं, सगळं चोरीचंच, अख्ख्या गल्लीत तेच. पैसे मोजले ते फक्त श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला, कारण तिचं लॉक (किल्लीसारखा छोटा डबा) कॉम्प्युटरच्या मागे लावल्याशिवाय काम व्हायचं नाही. आता मुलगा सॉफ्टवेअरचं भाडं भरतो, सगळं कायदेशीर, पण भाडं थकलं की मीच केलेली लग्नपत्रिका मला उघडता येत नाही, हे काही पटत नाही बुवा. चोरीचं होतं पण घरचं होतं.

चकलीची भाजणी
माझं पुस्तकांचं. व्हॉट्सॅपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ यायच्या, मी पण पुढे ढकलायचे. मग मैत्रिणीचं पुस्तक आलं, हजाराची आवृत्ती, प्रकाशकाकडे गठ्ठे तसेच पडून, आणि त्याचीच पीडीएफ मला दोन-तीन ग्रुपवर आली, वर लिहिलेलं 'वाचनसंस्कृती जपूया'!! इतकी चिडले की ग्रुपच सोडले. सिग्नलवरची इंग्रजी पुस्तकं मात्र अजून घेते, खोटं कशाला बोलू. तो लेखक ओळखीचा नाही ना.

उलटी गंगा
मी उलट्या दिशेने. इमानेइतबारे भरत होतो, मग क्रिकेट एका ॲपवर, मराठी दुसऱ्यावर, बायकोचं कोरियन तिसऱ्यावर, त्यात २०२३ ला पासवर्ड वाटून घेणं बंद झालं आणि मावसभावांचं मंडळ फुटलं. अर्धी बघितलेली मालिका एक दिवस गायबच झाली तेव्हा परत टोरंट टाकलं. एकच ठेवलंय, मराठी सिनेमा थेटरातच बघतो, शो रद्द झाला नाही तर.

हॉस्टेल क्र. ४
@काका, आमच्या गावच्या प्रेसमधे ते लॉक मालक रात्री काढून घरी न्यायचे, गल्ल्यातल्या पैशांबरोबर.