स्वस्त ग्रीक हॉटेलात यिरोस खावा की ट्रेमधली भाजी?

रानभाजी:
साध्या, परवडणाऱ्या ग्रीक हॉटेलात गेलं की बहुतेक जण पाटीकडे न बघताच यिरोस मागवतात (काही जण त्याला गायरो म्हणतात). पिटा, मांसाचे काप, त्झात्झिकी (दही-काकडीची चटणी), बटाट्याचे काप, झालं जेवण. मला याचं फार वाईट वाटतं. कारण तिथली खरी चव काउंटरमागच्या ट्रेमध्ये असते. येमिस्ता, म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. यिगांदेस, म्हणजे टोमॅटोच्या रसात भट्टीत मुरलेले राजम्यासारखे मोठे पांढरे दाणे. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या अशा पदार्थांना ग्रीक लोक लादेरा म्हणतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासांना मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य, म्हणून या भाज्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेला आहे. त्या कोमटच खायच्या असतात. वाफ दिसत नाही म्हणून परत पाठवू नका.

सळईवाला:
साफ असहमत. यिरोस म्हणजे आळशी माणसाची निवड, असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. अथेन्स किंवा थेसालोनिकीत कामावरून घरी जाणारा माणूस उभ्याउभ्या हेच खातो. १९२२ नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, उखडलेली लाखो माणसं ग्रीसमध्ये आली आणि त्यांच्या खाण्यानं तिथलं स्वयंपाकघर बदललं. उभ्या सळईवरचं मांसही त्याच भागातलं. त्याला दुय्यम का म्हणायचं?

शिवाय काप डोळ्यांदेखत उतरतो, कड कुरकुरीत असते. ट्रेमधली भाजी कधीपासून तिथे आहे, कुणाला ठाऊक? आणि परंपरेचं म्हणाल, तर ट्रेमधल्याच मुसाकावरचा (वांगी-खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) बेशामेलचा, म्हणजे दूध-मैद्याच्या पांढऱ्या सॉसचा थर त्सेलेमेंतेस या आचाऱ्यानं १९२०च्या दशकात रूढ केला.

रानभाजी:
मुसाकाचं नाव मी घेतलेलंच नाही, मी लादेराबद्दल बोलतेय. आणि डोळ्यांदेखत उतरतं ते नेमकं काय, हेही बघा. ग्रीसमध्ये बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचे काप एकावर एक रचतात, त्यांचे थर दिसतात. अमेरिकेत गोमांस आणि कोकराच्या खिम्याचा दाबून केलेला तयार शंकू असतो, खांबासारखा गुळगुळीत. गुळगुळीत दिसला तर मी तरी भाजीच घेईन.

मिठाचा_खडा:
दोघांनीही सॅलड विसरलंत. हॉटेल पैसे कुठे वाचवतं ते तिथे कळतं. खोरियातिकीत, म्हणजे गावाकडच्या ग्रीक सॅलडमध्ये, टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची अख्खी वडी. सॅलडची पानं नाहीत. पानांचा ढीग आला की समजावं, टोमॅटोत काटकसर झाली. फेटाचंही तेच. २००२पासून युरोपीय संघात हे नाव फक्त ग्रीसमधल्या ठरावीक भागांतल्या चीजला लावता येतं, त्यात किमान ७० टक्के मेंढीचं दूध, उरलेलं बकरीचं. गाईच्या दुधाचं पांढरं चीज लगेच ओळखू येतं, त्याला तो आंबूस तिखटपणा नसतो. तळाशी राहिलेल्या तेला-रसात पाव बुडवून खा. मला तर सगळ्या जेवणात तेच आवडतं.

सळईवाला:
सॅलडचं मान्य. थरांचंही मान्य, पुढच्या वेळी सळईकडे नीट बघेन. पण ट्रेबद्दल माझी अट कायम: हॉटेल भरलेलं असेल तर यिगांदेस मागवतो, रिकाम्या हॉटेलात मुळीच नाही.

रानभाजी:
ही अट मात्र योग्य आहे. फक्त दुपारी जा, रात्रीपर्यंत येमिस्ता संपलेले असतात.